लाल फडक्याची काठी

टक्. टक्, टक्. टक्.

घर गाढ झोपेत होतं, फ्रिजसुद्धा गप्प होता, आणि स्वयंपाकघरातल्या लिनोलियमच्या जमिनीवर कुणीतरी लोखंडी पावलांनी चालत होतं. मार्फाने डोळे न उघडताच ओळखलं. उठून दारात आली, तर लुशा फ्रिजपाशी उभी. अंगात झोपायचा फ्रॉक, उघड्या पोटऱ्या, आणि बुटांवर चढवलेले बर्फात चालायचे काट्यांचे पट्टे. दारापासून फ्रिजपर्यंत लिनोलियमवर बारीक भोकांची रांग उमटली होती.

"मी वाट तपासली," लुशा म्हणाली. "फ्रिजपर्यंत ठीक आहे. आता तू ये."

मार्फाला हसू आलं, पण ओठांपर्यंत येईतो ते कडू झालं.

"काढ ते आधी. आणि पँट घाल. वाट तपासणाऱ्यांना सर्दी होत नाही असं कुठे लिहिलंय?"

"बाबांना व्हायची सर्दी?"

"व्हायची. आणि झाली की गाव डोक्यावर घ्यायचे."

लुशाला हे आवडलं. बाबांबद्दलचं काहीही तिला आवडायचं, सर्दीसुद्धा.

वाट तपासण्याचं हे खूळ हिवाळ्यात शिरलं. लुशाला शाळेत नुकतं वाचता येऊ लागलं होतं, आणि नेमकं त्याच नाताळात ग्लेनिसने तिला एक फोटो चौकटीत घालून पाठवला. ग्लेनिस म्हणजे गिर्यारोहण क्लबची अध्यक्ष. साठी उलटलेली, टणक, आणि दुसऱ्याच्या दुःखाची व्यवस्था लावण्यात जिचा हात कुणी धरणार नाही अशी बाई. फोटो होता एका पितळी पाटीचा. वर डोंगरात क्लबने मुक्कामासाठी बांधलेल्या लाकडी झोपडीच्या, हटच्या, दाराशेजारी ती ठोकलेली आहे. 'रोरी हॉल्डेन. इतरांसाठी वाट तपासायला तो पुढे गेला.' लुशाने एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर आईकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं ही एवढी मोठी गोष्ट आईने तिच्यापासून लपवून ठेवली होती.

मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ काठाकाठाने सुटू लागला, तेव्हा ती दोन मैत्रिणींना थांबवून एकटी पुढे गेली. वाट तपासायला. कमरेपर्यंत आत गेली. धक्क्यावर होडी रंगवणाऱ्या एका माणसाने पाहिलं म्हणून बरं. घरी आणल्यावर तीन रजयांत गुंडाळलेली, दात वाजत असलेली ती पोर म्हणाली, "बाबांनी पण असंच केलं ना?"

त्या दिवशी मार्फाने ठरवलं की ती पाटी उतरवायची. बाकी कुणाचं काही होवो, पाटी उतरलीच पाहिजे, नाहीतर ही पोर एक दिवस त्या पाटीच्या मागोमाग जाईल.

कारण पाटीवरचं एकच खरं होतं. रोरी पुढे गेला होता. सहा वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या शेवटी, आता हट आहे त्या जागेच्या वरच्या धारेवर, चार सोबत्यांना मागे ठेवून तो धारेच्या पूर्व कडेला गेला होता. वाट तपासायला नव्हे. त्याला लघवीला लागली होती. मागे कितीतरी चांगली जागा होती, खडकाचा आडोसा होता, पण रोरीला तिथून देखावा छान दिसत होता. हिवाळाभर वारा धारेवरून बर्फ ढकलतो आणि कड्याच्या बाहेर त्याचा छज्जा काढतो. वरून तो जमिनीसारखाच दिसतो आणि खाली काही नसतं. हे क्लबातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रोरीला तर फारच ठाऊक होतं, तो इतरांना शिकवायचा. छज्जा तुटला. त्या वेळी त्याच्याकडे बघत होता तो एकटा डेझमंड.

डेझमंडने येऊन हे सगळं मार्फाला तिच्याच स्वयंपाकघरात सांगितलं होतं, चहात रडत. "लोकांना काय सांगू?" त्याने विचारलं. मार्फाचा सदरा दुधाने भिजला होता, खांद्यावर सहा महिन्यांचं पोर किंचाळत होतं. "काय वाटेल ते सांग," ती म्हणाली. डेझमंड मनाचा चांगला. त्याने लोकांना काय वाटेल तेच सांगितलं. दोन वर्षांत त्यावर देवदाराच्या लाकडाची, पत्र्याच्या छपराची एक आख्खी हट उभी राहिली.

मार्फाचं घराणं दुखोबोर या शेतकरी पंथातलं. रशियातून कॅनडात आलेल्या तिच्या पणज्यांनी याच डोंगरांच्या पायथ्याशी बटाटे आणि कोबी लावले आणि वर कधी कुणी गेलं नाही, कारण वर बटाटे येत नाहीत. बाईमाणसाचा नवरा गेला की तिने रडावं, गावाने बोर्श्टचं सूप आणून द्यावं, आणि वर्षाने सगळ्यांनी आपापल्या कामाला लागावं, अशी तिकडची रीत. मार्फा रडली की नाही, हे तिला आता आठवत नसे. तिरस्कार मात्र तिने लोणच्यासारखा मुरवला होता. रोज थोडा ताटात घ्यायची. कपड्यांच्या घड्या घालताना तिला ती धार दिसायची, जिथे ती कधी गेलीच नव्हती. रोरी पाठमोरा उभा आहे, पाय फाकून, शीळ घालत. आणि त्याच्या मागे, हाताची घडी घालून, मार्फा उभी आहे. म्हणतेय, बघा, या माणसाला बघा.

पिठाच्या पारीत वाटाण्याचं सारण भरून आदल्या दिवशी भाजलेल्या पिराही तिने हटवर न्यायला फडक्यात बांधल्या. फडक्याच्या घडीत एक स्क्रूड्रायव्हर सरकवला. पँट घालून आलेल्या लुशाने विचारलं, "हे कशाला?"

"हटमध्ये काहीतरी नेहमीच ढिलं असतं," मार्फा म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

*

जंगलातला रस्ता जिथे संपतो तिथे क्लबची माणसं गाड्यांना कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी गुंडाळत होती. साळिंदरांना ब्रेकच्या नळीचं रबर फार आवडतं. परत येऊन बघावं तर गाडी उभी आणि ब्रेक साळिंदराच्या पोटात. म्हणून प्रत्येक जण गाडीभोवती जाळीचा घागरा चढवतो आणि त्याच्या काठावर दगड ठेवतो. दरवर्षी वसंत सरताना ही टोळी हटच्या डागडुजीला जाते. लाकूड फोडायचं, छपराचा बर्फ ओढायचा, संडास खणून काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोरीच्या धारेवर जाऊन गंभीर उभं राहायचं.

ग्लेनिसने लुशाला कवटाळलं. "अगदी त्याचे डोळे."

"माझ्या आईचे आहेत," मार्फा म्हणाली. "तुम्ही पाहिलंय तिला. बाजारात लसूण विकते."

ग्लेनिसने ऐकलं नाही. तिला जे ऐकायचं नसे ते ती फार प्रेमाने ऐकत नसे.

यंदा कॅल्गरीहून एक तरुण जोडपं आलं होतं. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांच्या किमतीत मार्फाची गाडी आली असती, जाळीसकट. त्यांनी रोरीची गोष्ट क्लबच्या पत्रिकेत वाचली होती. मुलगी लुशापुढे गुडघ्यांवर बसली आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाली, "तू त्यांची मुलगी? तुला किती अभिमान वाटत असेल."

"हो," लुशा म्हणाली. "तुमच्या नाकाला पांढरं लागलंय."

"ते उन्हाचं मलम आहे, राजा."

"नाकाच्या आत पण लावा. बर्फावरून ऊन आत जातं. डेझने सांगितलंय."

डेझमंड मागे उभा राहून दाढीत हसला, आणि मार्फाची नजर पडताच हसू गिळून जाळीचे दगड नीट करायला लागला. सहा वर्षं तो तिच्यापुढे असाच वागत आला होता. तिच्या घराचं छप्पर त्याने दुरुस्त केलं होतं, पावसाच्या पन्हाळी साफ केल्या होत्या, आणि एकदाही ताठ मानेने चहा प्याला नव्हता.

चढ तामरॅकच्या झाडांतून होता. त्यांना नुकती पालवी फुटलेली, इतकी मऊ की लुशा जाता जाता गाल घासायची. जिथे बर्फ विरघळून जेमतेम वीतभर माती उघडी पडली होती तिथे पिवळ्या लिली माना खाली घालून उभ्या. मध्येच अस्वलाने कंद उकरून काढलेल्या जागा दिसल्या की ग्लेनिस हाळी द्यायची आणि सगळे तिच्यामागून ओरडायचे, म्हणजे अस्वलाला कळावं की शहाणी माणसं येताहेत. मार्फा ओरडली नाही. अस्वलाची फसवणूक कशाला करा.

वर जाता जाता बर्फ सलग झाला. दुपारचा बर्फ, कुजका. पाऊल ठेवलं की मांडीपर्यंत आत. लुशा हलकी म्हणून वरच्यावर चालत होती आणि मोठी माणसं तिच्याभोवती एकेक पाय उपसत धापा टाकत होती. त्या धापांमध्येही ग्लेनिसला कथा सुचत होत्या.

"इथे थांबून रोरीने मागे वळून पाहिलं होतं. त्या दिवशी. मला अजून दिसतो."

"पाण्याची बाटली विसरला असेल," मार्फा म्हणाली. "तो नेहमी इथपर्यंत आल्यावर आठवायचा."

कॅल्गरीच्या जोडीला हा विनोद वाटला नाही. विधवेचं दुःख वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतं, अशा अर्थाने त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मार्फाने ती नजर पकडली आणि मनातल्या मनात दोघांना अस्वलाच्या हवाली केलं.

*

हट बर्फात खिडक्यांपर्यंत बुडाली होती. मार्फा तिला मनात खोपटं म्हणायची. आत भिंतीवर रोरीचा मोठा फोटो, दात दाखवणारा, आणि त्याखाली दोन खिळ्यांवर त्याची बर्फाची कुऱ्हाड. त्याची म्हणजे डेझमंडची. उसनी घेतली होती, परत द्यायची राहिली. आता नवे लोक तिला हात लावून नमस्कार केल्यासारखं करत, आणि डेझमंड दरवर्षी स्वतःच्याच कुऱ्हाडीखाली बसून सूप पीत असे.

लुशा मात्र दाराबाहेरच थांबली होती. तिने हातमोजा काढला आणि पाटीवरून बोट फिरवलं. "इतरांसाठी. वाट. तपासायला. तो. पुढे. गेला." मग ओरडून सगळ्यांना सांगितलं, "घरच्या फोटोत आहे तेच आहे इथे."

डेझमंड लाकडं आत नेत होता. त्याच्या हातातला एक ओंडका पडला.

"ऐकलंस?" मार्फा हळू आवाजात म्हणाली. "मार्चमध्ये तळ्यात गेली होती, हे ऐकून."

"तळ्यात?"

"वाट तपासायला. तुला कुणी सांगितलं नाही? सगळ्या गावाला माहितेय. सगळे म्हणाले, बापावर गेलीय."

डेझमंडचा चेहरा राखेसारखा झाला. "मी तेव्हा... मार्फा, मला वाटलं, पोरीला काहीतरी चांगलं असावं."

"असावं की. मग आज रात्री जेवताना सांग सगळ्यांना."

तो ओंडका उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. चांगल्या माणसांचं हे एक असतं. ती वाकतात फार छान.

संडास खणण्याचं काम मार्फाने मुद्दाम ग्लेनिसबरोबर मागून घेतलं. दोघी फावड्यांनी बर्फ उपसत होत्या. आतापर्यंत फक्त छपराची कड दिसत होती. तोवरच्या सोयीसाठी हटच्या मागे, खडकाच्या आडोशाला, एक बांबूची काठी रोवली होती आणि तिला लाल फडकं बांधलं होतं. क्लबचा तो पक्का नियम होता. मुक्काम असो की धारेवर घटकाभर थांबणं, आधी लाल फडकं रोवायचं, कड्यापासून लांब, आणि लघवीला जायचं ते तिथेच, सांगून जायचं. नव्यांना वाटायचं, पिण्याच्या पाण्यासाठी वितळवायचा बर्फ स्वच्छ राहावा म्हणून आहे.

"ग्लेनिस, ती पाटी उतरवा," मार्फा म्हणाली.

ग्लेनिसने फावडं थांबवलं नाही. "लोकांनी वर्षानुवर्षं त्या पाटीसमोर..."

"लोकांनी काय वाटेल ते करावं. माझी पोर त्या पाटीमागे बुडता बुडता वाचलीय. तो वाट तपासायला गेला नव्हता."

"माहितेय," ग्लेनिस म्हणाली.

मार्फाचं फावडं बर्फात अडकलं.

"डेझने तुला सांगितलं, तसं मलाही सांगितलं. बाकीचेही होतेच की धारेवर, ते काय आंधळे होते? हे फडकं कुठून आलं असं वाटतं तुला?" ग्लेनिसने काठीकडे हनुवटी केली. "त्याच उन्हाळ्यात नियम केला. कुणी 'का' असं विचारलं नाही. एकाही माणसाने नाही."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"जुन्यांना."

"आणि तरी दरवर्षी तिथे जाऊन डोळे पुसता."

"डोळे खरे असतात, मार्फा. आणि पितळेवर दुसरं काय लिहायचं होतं? तूच सांग."

मार्फाला भयंकर चीड आली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ही माणसं भाबडी आहेत, आणि भाबडेपणाचा तिरस्कार करायला एक सोय असते. यांनी तर खरं काय ते नीट ओळखलं होतं, त्यातलं कामाचं तेवढं काढून काठीला बांधलं होतं, आणि उरलेल्यावर पॉलिश मारून ते तिच्या पोरीला नाताळात भेट दिलं होतं.

"उद्या लुशा सगळ्यांच्या पुढे चालेल असं मी ठरवलंय," ग्लेनिस मऊ आवाजात म्हणाली. "खिंडीपासून धारेपर्यंत. डेझ काठ्या रोवून ठेवेल, अगदी सुरक्षित. तिला किती आनंद होईल. खाली उतरलो की पाटीचं बोलू."

"ती माझा हात धरून चालेल."

"मुलांना सोडावं लागतं गं."

"तुम्ही सोडा," मार्फा म्हणाली. "तुम्हाला सवय आहे."

संध्याकाळी उजेड बराच वेळ रेंगाळला. समोरच्या शिखरांवरचा बर्फ गुलाबी होऊन मग राखाडी झाला, आणि बर्फ वितळवायच्या पातेल्याभोवती बसून सगळ्यांनी कोकोचे पेले उचलले. "रोरी." मार्फाने डेझमंडकडे पाहिलं. तो उठला. घसा साफ केला. म्हणाला, "उद्या बर्फ घट्ट असतानाच निघू, उशीर नको," आणि खाली बसला. मार्फाने पिराहीचं फडकं सोडलं, स्क्रूड्रायव्हर चाचपला, आणि उद्या परतल्यावर, कुणी बोलो न बोलो, असं स्वतःला बजावत सगळ्यांना एकेक पिराही वाढली. ग्लेनिसलासुद्धा. मुद्दाम करपलेली शोधून.

*

सकाळी बर्फ काचेसारखा कडक होता आणि काट्यांचे पट्टे त्यावर स्वयंपाकघरातल्यासारखेच वाजत होते. खिंडीच्या अलीकडे, खडकाच्या आडोशाला, लुशाने आईची बाही ओढली.

"आई, मला जायचंय."

डेझमंडने न सांगता लाल फडक्याची काठी रोवली आणि पाठ फिरवली. तिथला उतार किरकोळ होता, पण मार्फाने एका हाताने लुशाच्या जॅकेटची कॉलर धरली. ही तिची जुनी सवय. कॉलर धरून ठेवायची आणि दुसरीकडे बघायचं.

"सोड ना, मी पडत नाही."

"माहितेय."

"मग का धरतेस?"

"माझा तोल जाऊ नये म्हणून."

लुशा बसल्या बसल्या खुदकन हसली. पँट वर करताना हातमोजा उतारावरून घसरला, तो आणायला मार्फा दोन पावलं खाली गेली, वाकली, आणि उठून पाहते तो लुशा नव्हती. ग्लेनिस खिंडीत हात पसरून उभी होती, चेहऱ्यावर भक्तीचं ऊन, आणि लुशा तिच्या समोरून पुढे धावत सुटली होती. "मी वाट तपासते. तुम्ही सगळे थांबा."

डेझमंडने रोवलेल्या काठ्या धारेच्या मध्यावरून जात होत्या. लुशा त्यांच्या बाजूने दहा-बारा पावलं गेली आणि मग वळली. पूर्वेकडे. तिकडून देखावा छान दिसत होता.

मार्फा ओरडली नाही. ओरडलं की मुलं दचकून धावतात हे तिला ठाऊक होतं. ती पळाली. कडक बर्फावरून, ज्या पायांनी ती आयुष्यात कधी धारेवर आली नव्हती त्या बटाटे लावणाऱ्यांच्या पायांनी, आणि कॉलरला हात पोचताच तिने इतक्या जोराने मागे ओढलं की दोघी पाठीवर पडल्या. लुशा रडायला लागली. ग्लेनिस म्हणत होती, अगं, अजून बरीच लांब होती ती, तू उगाच घाबरवलंस तिला.

डेझमंड पोटावर पालथा झाला, सरपटत लुशाच्या शेवटच्या पावलापर्यंत गेला, आणि हात लांब करून चालायची काठी पुढच्या बर्फात खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली. त्याने ती बाहेर काढली. भोकातून उजेड आला. खालून. त्या एवढ्याशा गोल भोकात, खूप खोल, दरीतलं हिरवं रान दिसत होतं.

कॅल्गरीची मुलगी जागच्या जागी खाली बसली. ग्लेनिसने तोंडावर हात ठेवला.

डेझमंड तसाच मागे सरकत आला आणि उठून उभा राहिला. दाढीला बर्फ लागला होता.

"तो वाट तपासत नव्हता," तो म्हणाला. आवाज फाटलेला, पण मोठा. "मी बघत होतो. तो लघवीला गेला होता. पाटीवरचं मी रचलं."

"ती काढू आपण," ग्लेनिस म्हणाली. हळूच.

मार्फाने पाठपिशवीची बाजू उघडली आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. विजय झाल्यासारखं काही वाटलं नाही. लोणच्याची बरणी संपल्यावर तळाशी जसं नुसतं तेल दिसतं तसं काहीतरी दिसलं.

*

बाकीचे खाली गेल्यावरही त्या दोघी खडकाच्या आडोशाला बसून राहिल्या. समोर शिखरांची ओळच्या ओळ उन्हात आली होती, पांढरी, आणि कुणाच्याही दुःखाशी तिला देणंघेणं नव्हतं. मार्फाने पिराही मोडून अर्धी लुशाला दिली. लुशाचे डोळे सुजले होते, नाकाखाली चकाकत होतं. मार्फाने बाहीने पुसलं.

"डेझ खरं म्हणाला?" लुशाने विचारलं.

"हो."

"बाबा सू करायला गेले होते?"

"हो."

लुशाने विचार केला. मग तिच्या पोटातून हसू आलं, तोंडातल्या वाटाण्यांसकट, थांबेना. मार्फालाही आलं. सहा वर्षांत तिला या गोष्टीवर हसता येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि आता दोघी खडकाला टेकून हसत होत्या. लुशाने हसता हसता मान मागे टाकली, तशी मार्फाचा हात आपसूक तिच्या कॉलरकडे गेला.

"त्यांनी शीळ घातली असेल?"

"घातली असेल. शीळ घातल्याशिवाय त्याचं काही होत नसे."

"आणि तू घरी होतीस."

"तू होतीस ना माझ्याजवळ. एवढीशी."

त्या सकाळी रोरीने खोलीच्या दारातून विचारलं होतं, "निघू ना?" रात्रभर पोरीने झोपू दिलं नव्हतं. मार्फा भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "मी नको म्हटलं तर थांबणारेस?" तो थोडा थांबला होता. नंतर दार लागल्याचा आवाज आला होता.

लुशा हसायची थांबली होती. तिने पिराहीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि आपल्या कॉलरवरच्या आईच्या हाताकडे मान तिरपी करून पाहिलं. मग धारेकडे पाहिलं, जिथे डेझमंडने आता ते भोक दिसावं म्हणून लाल फडक्याची काठी रोवून ठेवली होती.

"आई," ती म्हणाली, "तू तिथे असतीस, तर बाबांची कॉलर धरली असतीस?"